एका तासाला एकच साधन: वर्गात मोफत डिजिटल साधने वापरायला सुरुवात करताना

नव्याने सुरुवात करणारे शिक्षक बहुधा उलट्या टोकाने सुरू करतात. कुणीतरी एखादे अ‍ॅप सुचवते, ते फोनवर येते आणि मग त्यात बसेल असा धडा शोधला जातो. दोन आठवड्यांत अ‍ॅप विसरले जाते, धडा पूर्वीसारखाच चालतो. सरळ टोक म्हणजे आपल्या तासाला नेमके कुठे अडते, ते आधी ठरवणे.

अडणाऱ्या जागा फार नसतात. कुणाला कळले आणि कोण नुसतीच मान डोलावतोय, ते समोरून समजत नाही. वह्या तपासून चुका हाती येईपर्यंत पुढचा धडा सुरू झालेला असतो. विजेच्या प्रवाहासारखी डोळ्यांना न दिसणारी गोष्ट फळ्यावरच्या स्थिर चित्रात अडकून पडते. गैरहजर राहिलेल्या मुलाला तोच भाग पुन्हा सांगायला सवड नसते. या चार जागांसाठी खाली चार साधने दिली आहेत. चारही एकदम उचलू नका. एक घ्या, महिनाभर त्याच साधनावर हात बसवा, मग दुसऱ्याकडे वळा.

हाताशी काय आहे ते आधी पाहा

वर्गात उपकरणे किती, यावर पुढचे सगळे ठरते. कुठे फक्त शिक्षकाचा फोन असतो, कुठे जोडीला लॅपटॉप आणि प्रोजेक्टर असतो, तर कुठे मुलांच्या हातातही उपकरणे असतात. शेवटच्या स्थितीची वाट पाहत बसायचे कारण नाही. उलट चाळीस मुलांकडे चाळीस फोन असले, की तासाची पहिली दहा मिनिटे पासवर्ड आणि चार्जिंगमध्येच जातात. चौघांच्या गटाला एक उपकरण हे प्रमाण चांगले चालते, कारण उत्तर नोंदवण्याआधी चौघांना आपसात बोलावे लागते.

शिक्षकाच्या फोनच्या हॉटस्पॉटवर अख्खा वर्ग चालवायचा बेत असेल, तर तो सोडून द्या. बहुतेक फोन आठ-दहा उपकरणांपुढे जोडणी घेत नाहीत आणि घेतली तरी वेग पार बसतो. गटाला एक उपकरण ठेवण्यामागे हेही एक कारण आहे.

प्रोजेक्टरची तपासणी आदल्या दिवशी, शेवटच्या बाकावर बसून करा. तिथून २८ पॉइंटपेक्षा लहान अक्षर वाचताना डोळे ताणावे लागतात. लॅपटॉप जोडल्यावर पडद्यावर नुसताच रिकामा डेस्कटॉप दिसला तर केबलला दोष देऊ नका. विंडोजचे बटण धरून पी दाबा आणि ‘डुप्लिकेट’ निवडा. लॅपटॉप ‘एक्स्टेंड’वर असतो, म्हणून पडद्याला तो दुसरी कोरी जागा समजतो. व्हीजीए केबलमधून फक्त चित्र जाते, आवाज जात नाही. व्हिडिओ दाखवायचा असेल तर एचडीएमआय केबल किंवा वेगळा स्पीकर लागेल. फोन पडद्याला जोडणार असाल तर ‘डू नॉट डिस्टर्ब’ आधी चालू करा, नाहीतर घरचे निरोप सगळा वर्ग वाचतो.

‘मोफत’चे तीन अर्थ

फुकट ते पौष्टिक, हे इथे सरसकट खरे नाही. ओबीएस स्टुडिओ (पडद्याचे रेकॉर्डिंग), ऑडॅसिटी (आवाज), लिबरऑफिस (कागदपत्रे), मूडल (अभ्यासक्रम) ही मुक्तस्रोत, म्हणजे मूळ रचना सर्वांना खुली असलेली साधने आहेत. ती एकदा संगणकावर आली की कंपनीने धोरण बदलले म्हणून बंद पडत नाहीत. गूगल फॉर्म्ससारख्या सेवा मोफत असल्या तरी दुसऱ्याच्या संगणकावर चालतात. तिसरा प्रकार अर्ध्या मोफत साधनांचा. त्यांत मुलांची संख्या, प्रश्नांची संख्या किंवा फलकांची संख्या मर्यादित असते आणि ही मर्यादा मध्येच बदलू शकते. अशा साधनात वर्षाचा अभ्यासक्रम रचण्याआधी त्याच्या मोफत योजनेचे पान वाचा. मर्यादा तासाच्या मधोमध कळली की फार पंचाईत होते.

मोठ्या कंपनीचे साधन म्हणजे टिकाऊ, असेही नाही. अ‍ॅडोबीने वेबपानांवर हलती चित्रे आणि खेळ चालवणाऱ्या फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबवला आणि त्यावर उभी असलेली असंख्य शैक्षणिक खेळ-प्रयोगांची पाने ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. गूगलचा जॅमबोर्ड हा फळा ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाला. म्हणून कोणतेही साधन निवडताना एक प्रश्न विचारावा: माझे काम यातून बाहेर काढून दुसरीकडे नेता येते का? पीडीएफ, सीएसव्ही (तक्त्याची साधी फाइल) किंवा एचटीएमएल (वेबपानाची फाइल) यांपैकी एका रूपात तरी ते उतरवता यायला हवे.

पहिले साधन: कागदी कार्डे आणि एक फोन

मुलांकडे काहीच नसेल तर सुरुवात प्लिकर्सपासून करा. प्रत्येक मुलाच्या हाती चौकोनी नक्षी छापलेले एक कार्ड असते. कार्डाच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी अशी बारीक अक्षरे असतात. ज्या उत्तराचे अक्षर वरच्या बाजूला येईल तसे कार्ड धरायचे. शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कुणी काय उत्तर दिले ते काही सेकंदांत नोंदले जाते. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी आणि अक्षरे बारीक असल्याने शेजाऱ्याचे बघून आपले कार्ड फिरवणे अवघड जाते. हात वर करायला लावण्यापेक्षा हे कितीतरी खरे चित्र देते. हात वर करताना अर्धा वर्ग हुशार मुलाकडे बघूनच ठरवत असतो.

मांडणी अशी करा. संकेतस्थळावर खाते उघडून वर्ग तयार करा आणि नावांच्या जागी हजेरी क्रमांक भरा. कार्ड क्रमांक आणि हजेरी क्रमांक एकच ठेवला तर रोज शोधाशोध होत नाही. मोफत छापता येणाऱ्या नेहमीच्या संचात ४० कार्डे असतात आणि मोठ्या वर्गासाठी ६३ कार्डांचा संचही मिळतो. छपाई एकाच बाजूला, जाडसर पण चमक नसलेल्या कागदावर करा. कार्डे टिकावीत म्हणून चकचकीत लॅमिनेशन करून घेणे ही नेहमीची चूक आहे. त्यावर दिवा किंवा खिडकी चमकते आणि कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. पुठ्ठ्यावर चिकटवलेली कार्डे जास्त टिकतात आणि वाकतही नाहीत. मुलांना पहिल्या दिवशी एवढेच शिकवायचे असते, की बोटे काळ्या नक्षीवर नकोत, कार्ड छातीसमोर सरळ धरायचे आणि नोंद होईपर्यंत हलवायचे नाही.

एखादे कार्ड नोंदले जात नसेल तर बहुधा ते बोटाखाली झाकलेले असते, पुढच्या मुलाच्या डोक्याआड असते किंवा मागच्या रांगेत उजेड कमी पडत असतो. फळ्याजवळ उभे राहून कॅमेऱ्यातले चित्र मोठे करण्यापेक्षा दोन पावले चालत जाणे सोपे. फोन आणि लॅपटॉप दोघांनाही इंटरनेट लागते, पण मुलांच्या बाजूने काहीच लागत नाही.

आता प्रश्न कसा असावा, याकडे वळू. साधनापेक्षा इथे जास्त वेळ घालवावा लागतो. प्रश्नाचे चुकीचे पर्याय रँडम नसावेत. प्रत्येक चुकीचा पर्याय एका ठरावीक गैरसमजाचे दार असला पाहिजे. अपूर्णांकांचे उदाहरण घ्या: १/२ + १/३ = किती? पर्याय ठेवा ५/६, २/५, २/६ आणि १/६. ज्याने २/५ निवडले त्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला आहे. ज्याने २/६ निवडले त्याला समान छेद सहा येतो हे ठाऊक आहे, पण अंश बदलायचे राहून गेले. १/६ म्हणणाऱ्याने बेरजेऐवजी गुणाकार केला. म्हणजे बारा मुले चुकली एवढेच कळत नाही. सात जण पहिल्या वाटेने आणि पाच जण दुसऱ्या वाटेने चुकले, हेही त्याच क्षणी हाती येते, आणि दोघांना सांगायचे वेगवेगळे असते. ‘७/१२’ असा कुणीच निवडणार नाही असा पर्याय घातला तर एक जागा वाया गेली समजा.

उत्तरे आली की काय करायचे, याची एक कसाला लागलेली रीत आहे. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून ती आपल्या वर्गात वापरायला सुरुवात केली. प्रश्न दाखवायचा, एक मिनिट प्रत्येकाने एकट्याने, न बोलता विचार करायचा, मग उत्तर नोंदवायचे. बरोबर उत्तरे साधारण ३० टक्क्यांहून कमी आली तर चर्चेत अर्थ नाही, तो भाग पुन्हा शिकवायचा. ७० टक्क्यांहून जास्त आली तर दोन वाक्यांत खुलासा करून पुढे जायचे. मधल्या पट्ट्यात आली तर बरोबर उत्तर सांगायचे नाही, कुठल्या पर्यायाला किती उत्तरे आली त्याचा आलेखही दाखवायचा नाही. वेगळे उत्तर दिलेला शेजारी शोधून त्याला पटवायला सांगायचे, दोन-तीन मिनिटे द्यायची आणि पुन्हा कार्डे वर करायला लावायची. आलेख आधीच दाखवला तर मुले बहुमताकडे सरकतात. मग ती चर्चा उरत नाही, नुसती मोजणी होते. एका तासाला असे दोन प्रश्न पुरे. पाच घेतले की तास संपतो आणि शिकवायचे राहून जाते.

दुसरे साधन: स्वतः तपासणारी चाचणी

गूगल फॉर्म्स बहुतेकांनी माहिती गोळा करायला वापरलेले असते. चाचणीसाठी त्यात एक कळ फिरवावी लागते. नवा फॉर्म उघडा, वरच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘मेक धिस अ क्विझ’ चालू करा. आता प्रत्येक प्रश्नाखाली ‘आन्सर की’ दिसेल. तिथे बरोबर उत्तर आणि गुण द्या. त्याच ठिकाणी ‘अ‍ॅड आन्सर फीडबॅक’ आहे. बरोबर आणि चूक उत्तरांसाठी वेगवेगळा मजकूर लिहिता येतो. बहुतेक जण तो रिकामा ठेवतात. चूक उत्तराच्या खाली ‘छेद समान करताना अंशालाही त्याच संख्येने गुणले का?’ एवढे एक वाक्य असले, तर मुलाला गुणांपेक्षा जास्त काही मिळते.

पहिला प्रश्न हजेरी क्रमांकाचा ठेवा आणि तो ‘रिक्वायर्ड’ करा. नाव टंकायला लावले तर एकाच मुलाची तीन नावे होतात, कधी पूर्ण, कधी आडनाव आधी, कधी नुसते टोपणनाव. ड्रॉपडाउनमध्ये १ ते ४० आकडे दिले तर टंकण्याचा प्रश्नच मिटतो.

लहान उत्तरांच्या प्रश्नांत मराठीची खास अडचण येते. यंत्र उत्तर अक्षरशः जुळवून पाहते. उत्तरसूचीत देवनागरी १२ असेल आणि मुलाने इंग्रजी आकड्यांत बारा लिहिले, तर उत्तर चूक ठरते. ‘ऱ’सारखे अक्षर दोन प्रकारे टंकता येते. दिसायला एकच, पण आतली चिन्हे वेगळी, त्यामुळे ती जुळतीलच असे नाही. ‘ऑक्सिजन’, ‘ऑक्सीजन’ आणि ‘प्राणवायू’ ही तर उघडच तीन उत्तरे. उपाय दोन आहेत. उत्तरसूचीत मान्य होणारी सगळी रूपे एकाखाली एक भरा आणि ‘बाकी सगळी उत्तरे चूक धरा’ ही खूण करू नका, म्हणजे उरलेली हाताने तपासता येतात. किंवा असा प्रश्न पर्यायी स्वरूपात मांडा. सुरुवातीला दुसरा उपायच बरा.

जुन्या फाइलमधून प्रश्न उचलून चिकटवणार असाल तर तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या उपकरणांना समजणाऱ्या अक्षरपद्धतीत आहे का ते पाहा. छपाईसाठी वापरल्या गेलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर फॉर्ममध्ये आला की त्याची इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. अशा वेळी फॉन्ट बदलून काही होत नाही, मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. नाहीतर फोनच्या मराठी कळफलकावर बोलून टंकणे हा कधीकधी जवळचा रस्ता ठरतो.

फॉर्म पाठवताना दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता तसाच उचलून देणे. तो संपादनाचा पत्ता असतो आणि त्याच्या शेवटी ‘एडिट’ असते. मुलांना द्यायचा दुवा ‘पब्लिश’ केल्यानंतर ‘कॉपी रिस्पॉन्डर लिंक’मधून घ्यायचा. दुसरी चूक म्हणजे ‘लिमिट टू वन रिस्पॉन्स’ चालू ठेवणे. तसे केले की गूगल खात्याने आत यावेच लागते आणि ज्यांचे खाते नाही ती मुले दारातच अडकतात. फाइल जोडायला सांगणारा प्रश्नही हेच करतो. पाठवण्याआधी दुवा स्वतःच्या फोनवर ‘इन्कॉग्निटो’ खिडकीत, म्हणजे जिथे तुमचे खाते चालू नसते तिथे, उघडून पाहा. तिथे उघडला तर सगळीकडे उघडेल.

वर्गात दुवा दाखवायचा असेल तर क्यूआर कोड सोयीचा. क्रोममध्ये फॉर्मचे पान उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांच्या मेनूतून तो तयार करता येतो. काही मोफत क्यूआर संकेतस्थळे मधला स्वतःचा पत्ता घालून कोड देतात आणि काही दिवसांनी तो पत्ता बंद करून पैसे मागतात. क्रोमने दिलेल्या कोडमध्ये तुमचा दुवा थेट असतो, त्यामुळे दुवा जिवंत आहे तोवर कोडही चालतो.

उत्तरे आल्यावर ‘रिस्पॉन्सेस’मधला ‘समरी’ भाग पाहा. जास्त मुलांचे जे प्रश्न चुकले ते तिथे वेगळे काढून दाखवलेले असतात. पुढच्या तासाची सुरुवात तिथूनच करा. गुण ताबडतोब दाखवायचे की तपासून मग, हे ‘सेटिंग्ज’मध्ये ठरते. चाचणी वेगवेगळ्या वर्गांना वेगवेगळ्या वेळी द्यायची असेल तर ‘लेटर’ ठेवा, नाहीतर पहिल्या वर्गाच्या पडद्याचे फोटो दुसऱ्या वर्गात आधी पोहोचतात.

प्रश्न काढायला एआय चॅटबॉटची मदत घेणारे आता बरेच आहेत. मसुद्यासाठी ते ठीक आहे, पण प्रत्येक प्रश्न स्वतः सोडवल्याशिवाय उत्तरसूची भरू नका. दोन पर्याय बरोबर असणे किंवा एकही बरोबर नसणे, असे घोळ त्यात नेहमी सापडतात.

तिसरे साधन: न दिसणारे दाखवणे

कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट हा प्रकल्प नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. त्यात भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्राचे मोफत आभासी प्रयोग आहेत आणि त्यांतले बरेच मराठीतही आहेत. सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे एचटीएमएल स्वरूपातला प्रयोग डाउनलोड करून ठेवला की तो इंटरनेटशिवाय साध्या ब्राउझरमध्ये उघडतो. घरी उतरवा, पेन ड्राइव्हवर घ्या, वर्गात चालवा. जावा या जुन्या तंत्रात बनलेले काही प्रयोग मात्र असे सरळ चालत नाहीत, त्यांच्या नादी लागू नका.

विद्युत परिपथाचा डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाचा) प्रयोग जरा बारकाईने पाहू. उघडल्यावर डावीकडे वायर, बॅटरी, बल्ब, रोध, स्विच दिसतात. एक बॅटरी आणि एक बल्ब ओढून आणा आणि दोन वायरींनी जोडा. मुलांच्या हाती दिले तर पहिल्या प्रयत्नात बरीच मुले दोन्ही वायरी बल्बच्या तळालाच जोडतात आणि बल्ब लागत नाही. तो तसाच राहू द्या. बल्बला दोन टोके असतात, एक तळाशी आणि एक बाजूला, हे पुस्तकातल्या चिन्हावरून कधीच लक्षात येत नाही. इथे ते एका मिनिटात कळते.

आता किमती दाखवणारी खूण चालू करा. बॅटरी ९ व्होल्ट आणि बल्ब १० ओहम, म्हणजे अ‍ॅमीटर ०.९ अँपिअर दाखवेल. दुसरा बल्ब एकसरीत जोडण्याआधी थांबा आणि वहीत अंदाज लिहायला सांगा: कोणता बल्ब जास्त प्रकाश देईल, बॅटरीजवळचा की लांबचा? लांबच्या बल्बापर्यंत प्रवाह ‘संपत जातो’ अशी समजूत मोठ्या वर्गांतही पक्की असते. अंदाज लिहून झाल्यावर जोडा. दोन्ही बल्ब सारखेच मंद होतील आणि अ‍ॅमीटर कुठेही लावला तरी ०.४५ अँपिअरच दाखवेल. नंतर समांतर जोडा. प्रत्येक बल्बातून पुन्हा ०.९ आणि बॅटरीतून १.८ अँपिअर. अंदाज वहीत लिहिलेला असतो म्हणून ‘मला माहीतच होते’ म्हणायला जागा उरत नाही. ही पायरी गाळली तर प्रयोग नुसता सिनेमा होतो.

एक इशारा. इथली बॅटरी आदर्श आहे, तिचा अंतर्गत रोध सुरुवातीला शून्य असतो. खऱ्या बॅटरीला दुसरा बल्ब समांतर जोडला की पहिला किंचित मंद होतो, इथे होत नाही. हा फरक मुलांना सांगा आणि शक्य असेल तर खरी बॅटरी आणि बल्ब टेबलावर ठेवा. आभासी प्रयोगाने खऱ्याची जागा घ्यायची नसते. पण बॅटरीची दोन टोके नुसत्या वायरीने जोडल्यावर लागणारी आग मात्र आभासीच बरी.

गणितासाठी जिओजेब्रा हे आलेख काढणारे साधन आहे. आलेखाच्या पानावर अक्षरी सहगुणकांसह द्विघाती समीकरण (y = ax² + bx + c) लिहिले की प्रत्येक सहगुणकासाठी सरकपट्टी आपोआप येते. पहिली आणि तिसरी पट्टी सरकवली की काय होईल ते मुले बरोबर सांगतात. मधल्या पट्टीवर सगळे फसतात. आलेख फक्त डावीकडे-उजवीकडे सरकेल असे वाटते. प्रत्यक्षात शिरोबिंदू स्वतःच एका उलट्या अन्वस्तावरून (पॅराबोलावरून) फिरतो. शिरोबिंदूचा माग दाखवणारी ‘शो ट्रेस’ ही सोय चालू ठेवा म्हणजे तो रेखाटला जातो.

चौथे साधन: सहा मिनिटांचे रेकॉर्डिंग

ओबीएस स्टुडिओने पडद्याचे रेकॉर्डिंग मोफत आणि कोणतीही जाहिरात-खूण न लागता होते. ‘सोर्सेस’मध्ये अधिक चिन्ह दाबून ‘डिस्प्ले कॅप्चर’ घ्या, ‘स्टार्ट रेकॉर्डिंग’ दाबा, झाले. पडदा काळा आला तर लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असण्याची शक्यता जास्त. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमधल्या ‘ग्राफिक्स’ भागात ओबीएससाठी ‘पॉवर सेव्हिंग’ निवडा आणि ओबीएस पुन्हा सुरू करा. फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवा. मध्येच वीज गेली तरी तोवरचे रेकॉर्डिंग वाचते. नंतर ‘फाइल’ मेनूतल्या ‘रीमक्स’ने त्याचे एमपी४ करता येते.

चित्र जरा अस्पष्ट असले तर मुले चालवून घेतात, आवाज खराब असला तर घेत नाहीत. पंखा बंद, खिडकी बंद, माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर आणि थोडा बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चे फुत्कार येत नाहीत. बोलताना आवाजाची पट्टी पिवळ्यात यावी, लाल रंगात जाऊ नये. तरीही मागे घरघर राहिलीच तर ऑडॅसिटीत आधी नुसत्या घरघरीचा एक-दोन सेकंदांचा तुकडा निवडून ‘नॉइज रिडक्शन’मध्ये ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबा, मग सगळे रेकॉर्डिंग निवडून तोच परिणाम लावा. पहिली पायरी विसरली तर काहीच होत नाही. परिणाम जास्त ताणला तर आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

फाइलचा आकार आधीच ठरवा, कारण मुलांचा डेटा मोजका असतो. हिशेब सोपा आहे. सेकंदाला २५०० किलोबिट या दराने सहा मिनिटांचे रेकॉर्डिंग सुमारे ११२ एमबी होते. स्लाइड फारशा हलत नसतील तर चित्राला ५०० आणि आवाजाला ९६ किलोबिट पुरतात आणि तीच सहा मिनिटे सुमारे २७ एमबीत बसतात. आकारमान १२८० गुणिले ७२०, सेकंदाला १५ चित्रे. सहा मिनिटांत न मावणारा विषय दोन भागांत तोडा. तसे केले की मुलाला हवा तो भाग लगेच सापडतो.

चित्रे, नावे आणि गुण

शोधयंत्रात सापडलेले चित्र मोफत वापरायचे असते असे नाही. विकिमीडिया कॉमन्स किंवा ओपनव्हर्स या खुल्या परवान्याच्या चित्रांच्या संकेतस्थळांवरून घ्या आणि चित्राखाली शीर्षक, निर्माता, स्रोत आणि परवाना एवढे लिहा. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यात ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्हज) असेल तर चित्रात बदल करून ते पुढे वाटता येत नाही, अगदी नावे मराठीत घालायची असली तरी. शिकवण्याच्या आकृत्यांसाठी हा परवाना टाळा.

मुलांची माहिती कमीत कमी घ्या. बहुतेक चाचण्यांना हजेरी क्रमांक पुरतो, जन्मतारीख, फोन नंबर, फोटो यांतले काहीच लागत नाही. गुणांची शीट ‘एनीवन विथ द लिंक’ ठेवून वर्गाच्या गटात टाकली की प्रत्येक पालकाला सगळ्यांचे गुण दिसतात. एका मुलाचे गुण त्यालाच कळावेत म्हणूनच फॉर्ममध्ये निकाल पाठवण्याची सोय आहे, ती वापरा. गूगल खाते स्वतः चालवायला बहुतेक ठिकाणी किमान १३ वर्षे वय लागते. त्याहून लहान मुलांना खाते उघडायला सांगू नका, खात्याशिवाय चालणारे साधन निवडा.

काम जपून ठेवणे

सत्र संपले की अर्धा तास काढून तीन गोष्टी करा. प्रत्येक चाचणीच्या उत्तरांची शीट सीएसव्हीमध्ये उतरवा. फॉर्म पीडीएफ म्हणून छापून ठेवा, म्हणजे प्रश्न आणि पर्याय कुठल्याही साधनाविना वाचता येतात. वापरलेले फेट प्रयोग आणि रेकॉर्डिंग एका फोल्डरमध्ये, धड्याच्या क्रमांकाने नाव देऊन ठेवा. ‘नवीन’, ‘फायनल’, ‘फायनल २’ अशी नावे पुढच्या वर्षी तुम्हालाच कळणार नाहीत.

साध्या गूगल खात्यात १५ जीबी जागा असते आणि ती मेल, फोटो आणि ड्राइव्ह या तिघांत वाटली जाते. भरली की नवे मेल येणेही थांबते, म्हणून व्हिडिओ तिथे साठवू नका. संस्थेने दिलेल्या खात्यावर काम केले असेल तर बदली किंवा नोकरी सोडण्याआधी गूगलच्या ‘टेकआउट’ या सोयीतून सगळे उतरवून घ्या. खाते बंद झाल्यावर ते काम परत मिळेलच असे नाही. आणि उतरवलेली झिप फाइल तिथल्या तिथे एकदा उघडून पाहा. अर्धवट उतरलेली असेल तर ते त्याच दिवशी कळलेले बरे.